वेंगुर्ल्याची पायमशीन नाशकात आली आणि खाली नुसता गुंता

अर्धीटीप | ११ जानेवारी, रात्री ११.२०

मंडळी, मदत हवी आहे. आधीच सांगून टाकते, वय ४३, शिवणाचा अनुभव शून्य. शाळेत कार्यानुभवाला रुमालाची किनार दुमडून शिवायची होती, ती आईने शिवून दिली. मार्क माझे.

दिवाळीनंतर वेंगुर्ल्याच्या मावशीने तिची काळी पायमशीन मला दिली. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, आता पायडल मारणं होत नाही. गेली पाच-सहा वर्षं मशीन पडूनच होती. टेम्पोतून नाशकात आली, पुसून-बिसून घेतली, पट्टा नवा घातला. मला ब्लाउज-बिउज शिवायचे नाहीत. जुन्या चादरींच्या भाजीच्या पिशव्या शिवायच्या, बस.

तर लक्षण असं. वरून टीप बरी दिसते. कापड उलटलं की खाली दोऱ्याचा हा गोळा! सात-आठ टाक्यांत कापड खालच्या, कापड सरकवणाऱ्या दात्यांवर चिकटून बसतं, ओढलं की दोरा तुटतो. काल तर ते सोडवायला खालून ब्लेड घालावं लागलं, चादरीला भोक पडलं ते वेगळंच.

आतापर्यंत केलेले उद्योग: बॉबिन, म्हणजे खालच्या दोऱ्याची छोटी रीळ, काढून पुन्हा घातली (वीसेक वेळा), बॉबिन नवी आणली, ती बसते ती बॉबिन केस नवी आणली, दोरा बदलला. एका दुरुस्तीवाल्याला घरी बोलावलं. त्याने बॉबिन केसचा स्क्रू इकडेतिकडे फिरवला, ३५० रुपये घेतले आणि "मॅडम, भंगारात द्या, मोटरवाली घ्या" असं सांगून गेला.

अजून एक, कामाचं असेल तर. सकाळी ऑफिसच्या आधी बसते तेव्हा मशीन भयंकर जड चालते, पोटऱ्या भरून येतात. रविवारी दुपारी गॅलरीत उन्हाला बसले तर बरीच हलकी वाटली आणि चार-पाच इंच टीप चक्क खालूनही सरळ आली. वाटलं, जमलं बाई. संध्याकाळी परत गोळा. माझाच पाय चुकतोय का? लेक म्हणते, आई, सोड ना आता.

कात्रीवाली | ११ जानेवारी, रात्री ११.४१

खाली गुंता म्हणजे खालचा दोरा सैल. बॉबिन केसचा स्क्रू घट्ट करा. साधं आहे. नाहीतर सरळ झिगझॅगवाली नवी घेऊन टाका, या लोखंडाच्या मागे कुठे लागता.

खटपट्या | १२ जानेवारी, सकाळी ७.०५

साधं आहे, पण उलटं आहे. खाली गुंता झाला की दोष वरच्या दोऱ्याचा, हे आधी भिंतीवर लिहून ठेवा. सगळे नवशिके बॉबिनच्या मागे लागतात, मीही दोन महिने लागलो होतो.

कारण असं. सुई खाली जाऊन जरा वर उचलली की तिच्या मागे दोऱ्याचा छोटा फास तयार होतो. शटलचं, म्हणजे खाली फिरणाऱ्या लोखंडी आकड्याचं, टोक तो फास पकडतं आणि अख्ख्या बॉबिन केसभोवती फिरवून आणतं. म्हणजे प्रत्येक टाक्याला केवढा तरी दोरा खाली जातो. तो परत वर ओढून घेण्याचं काम सुईच्या वर, दोरा ओवलेल्या, वर-खाली नाचणाऱ्या दांडीचं. आता वरचा दोरा टेन्शनच्या, म्हणजे दोऱ्याला ताण देणाऱ्या, चकत्यांनी धरून ठेवलेला असेल तर दांडी खालचा फास ओढते. धरलेला नसेल तर तिला सोपं काय? रिळावरून नवा दोरा ओढायचा. खालचा फास तसाच लोंबत राहतो. असे आठ फास जमले की तुमचा गोळा तयार.

तेव्हा स्क्रूला हात लावू नका. दोरा नव्याने ओवा, आणि ओवताना दाबपट्टी, म्हणजे कापड दाबून धरणारी पट्टी, वर उचललेली हवी. पट्टी खाली असली की चकत्या मिटलेल्या असतात आणि दोरा आत बसतच नाही, वरच्यावर तरंगतो.

सातासमुद्र | १२ जानेवारी, सकाळी ८.३०

अनुमोदन. टोरांटोत माझी प्लॅस्टिकची मशीन आहे, वरून बॉबिन टाकायची, तरी नियम तोच. आणि पहिले तीन-चार टाके घालताना दोन्ही दोऱ्यांची टोकं मागे बोटाने धरून ठेवा. नाहीतर सुरुवातीलाच ती खाली ओढली जातात.

अवांतर: मुलाच्या टी-शर्टवर माझे टाके सुटत होते. मशीन उघडून बसले होते. शेवटी फक्त सुई बदलायची होती, ताणल्या जाणाऱ्या कापडाला गोल टोकाची सुई लागते.

अर्धीटीप | १२ जानेवारी, रात्री १०.१५

खटपट्या, तुमचं फास-पुराण वाचून हाताने चाक फिरवत अर्धा तास खाली डोकावून बघत बसले. खरंच टोक येतं आणि दोरा उचलून नेतं! इतकी वर्षं मला वाटायचं सुई आत कुठेतरी गाठ मारते.

पट्टी वर करून ओवला. टोकं धरली. तरी गोळा. उलट आता एक टाकाच बसत नाही, वरून नुसती भोकं पडतायत.

निशिगंध | १२ जानेवारी, रात्री १०.५०

सुई काढून परत घातलीत का मधे?

अर्धीटीप | १२ जानेवारी, रात्री १०.५२

हो! वाटलं बोथट झाली असेल म्हणून नवी घातली. १६ नंबर.

निशिगंध | १२ जानेवारी, रात्री ११.१०

मग उलटी बसली आहे. मी कोल्हापूरला शिवणक्लास घेते. पहिल्या आठवड्यात दहातल्या सहा जणींची सुई उलटी असते, लाजू नका.

सुई बोटांत धरून फिरवा. डोक्याला एक बाजू सपाट आहे, आणि दांडीवर एका बाजूला नाकापर्यंत लांब खाच आहे, नखाला लागेल. दोरा नेहमी खाचेच्या बाजूने ओवायचा, शटलचं टोक सपाट बाजूने येतं. तुमच्या काळ्या मशीनला सपाट बाजू उजवीकडे, दोरा डावीकडून उजवीकडे. सातासमुद्र यांच्यासारख्या मशीनला सपाट बाजू मागे, दोरा पुढून मागे. सुई वर पूर्ण टेकेपर्यंत सरकवून मगच स्क्रू आवळा. जराशी खाली राहिली तरी टाका धरत नाही.

चादरीला १६ थोडी जाड आहे, १४ चालेल.

बुलेटराजा | १२ जानेवारी, रात्री ११.३०

मी ५१, पुरुष, गाडीचं कव्हर शिवायला घेतलंय. घरच्यांची करमणूक चालू आहे. माझ्या आठवड्यात चार सुया तुटल्या. काय करू?

निशिगंध | १२ जानेवारी, रात्री ११.४४

मागून ओढताय कापड. ओढू नका, दाते सरकवतात ते. तुम्ही ओढलं की सुई वाकते आणि खालच्या लोखंडी पत्र्यावर आपटते. जाड जोडावर चढताना पायाने नाही, हाताने चाक फिरवून तीन-चार टाके घाला. दाबपट्टीची मागची बाजू रिकामी लटकत असेल तर तिथे पुठ्ठ्याची घडी सरकवा, मग पट्टी सपाट राहते. आणि सुई १८ नंबर घ्या.

अर्धीटीप | १३ जानेवारी, सकाळी ६.५५

सुई उलटीच होती. सुलटी केली, टाके बसायला लागले. आणि खाली गोळाही परत आला, म्हणजे मूळ मुद्द्यावर आलो आपण.

काजबटण | १३ जानेवारी, सकाळी ९.२०

उशिरा येतोय. आमचं मिरजेला शिलाईचं दुकान होतं, वडील गेले, दुकान गेलं, मशिनी मात्र अजून माझ्या डोक्यात चालू असतात.

ताई, एक चाचणी करा. दोरा पूर्ण ओवा, सुईतसुद्धा. दाबपट्टी वर ठेवून सुईतून आलेला दोरा हळू ओढा, सरसर आला पाहिजे. आता पट्टी खाली टाका आणि ओढा. अडला पाहिजे, इतका की सुई किंचित वाकेल. काय होतं ते सांगा. बाकी काही करू नका. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर कशाने बरं झालं ते कळत नाही आणि कशाने बिघडलं तेही.

अर्धीटीप | १३ जानेवारी, रात्री ९.४०

पट्टी वर असो की खाली, दोरा सारखाच येतो. सरसर! टेन्शनचा नट पिळून पिळून शेवटाला नेला तरी ढिम्म.

खटपट्या | १३ जानेवारी, रात्री ९.५८

चकत्यांमध्ये कचरा असणार. पट्टी वर करून सुती कापडाची पातळ घडी आत घाला आणि बूट पुसतात तशी मागेपुढे करा.

अर्धीटीप | १३ जानेवारी, रात्री १०.२५

बोटभर हिरवा दोरा आणि राखाडी लोकर निघाली. हिरवा बहुतेक मावसबहिणीच्या परकराचा, तिला आता दोन मुलं आहेत. फार आशेने ओढून बघितलं. तरी सरसर.

कात्रीवाली | १३ जानेवारी, रात्री १०.३१

मी म्हटलं होतं, नवीन घ्या.

काजबटण | १४ जानेवारी, सकाळी ८.१०

तिळगूळ घ्या सगळे. कात्रीवाली, तुम्हीसुद्धा.

अर्धीटीप, दोन प्रश्न. तुमच्या मावशी मशीनला तेल कुठलं घालायच्या? आणि मशीनच्या डोक्यावर तेलाची बारीक भोकं आहेत, त्यातल्या एकाला नाक लावून वास घ्या. चेष्टा करत नाहीये. वडील मशीन उघडायच्या आधी हेच करायचे.

अर्धीटीप | १४ जानेवारी, दुपारी १.०५

वास घेतला. नवरा बघत होता, काही बोलला नाही. होळीपर्यंत राहिलेल्या करंज्यांचा येईल तसा खवट वास. मावशीला फोन लावला. "खोबरेल, आणि काय?" घरचं, घाण्यावरचं.

काजबटण | १४ जानेवारी, दुपारी ३.३०

मग सापडला चोर. तुम्ही पहिल्याच दिवशी सांगितला होता, आम्ही कुणी नीट वाचलं नाही. सकाळी जड, दुपारी उन्हात हलकी.

खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली थिजतं. वेंगुर्ल्याला समुद्रकाठी वर्षातले बहुतेक दिवस ते पातळच राहतं. त्यातून मावशी रोज बसत असणार, रोज तेल जात असणार, फिरून फिरून मोकळं. मग मशीन सहा वर्षं उभी राहिली. जुनं तेल, धूळ आणि कापडाचा भुसा मिळून आत चिकट थर बसला. आणि असली मशीन तुम्ही नेलीत कुठे, तर जानेवारीतल्या नाशकात. तुमच्या बाथरूममधली खोबरेलाची बाटली बघा, सकाळी उलटी केली तरी थेंब पडत नसेल. तेच मशीनच्या पोटात झालंय.

पण जड चालणं आणि गुंता यांचा संबंध काय? दाबपट्टी उचलली की आतून एक बारीक पिन पुढे सरकते आणि टेन्शनच्या चकत्या उघडते, म्हणूनच पट्टी वर असताना दोरा मोकळा येतो. पट्टी खाली टाकली की पिन मागे जायला हवी आणि चकत्या मिटायला हव्यात. तुमची पिन त्या चिकटात रुतून पुढेच राहिली आहे. चकत्या कायम उघड्या. नट कितीही पिळा, दोरा धरणार कोण? रविवारी उन्हात थर सैल झाला, पिन मागे गेली, चार इंच टीप आली. तुमचा पाय चांगला आहे.

खात्री करायला हेअर ड्रायर घ्या. टेन्शनच्या भागावर आणि डोक्याच्या डाव्या टोकावर पाच-सात मिनिटं गरम वारा द्या, मग पट्टी चार-पाच वेळा वर-खाली करा आणि दोरा ओढून बघा.

अर्धीटीप | १४ जानेवारी, सायंकाळी ६.५०

सहा मिनिटं वारा दिला. पट्टी तिसऱ्यांदा खाली टाकली तेव्हा ‘टिक्’ असा इवलासा आवाज आला. दोरा ओढला. अडला!! सुई वाकली! मी ओरडले तर लेक धावत आली, तिला वाटलं बोटात गेली.

एक हात टीप मारली. उलटून बघितली. पुन्हा उलटून बघितली, कारण वरची बाजू कुठली ते कळेना.

सातासमुद्र | १४ जानेवारी, रात्री ८.०२

अंगावर काटा आला. आणि हो, इथे आमचं खोबरेल ऑक्टोबर ते मे चमच्याने खरवडून घ्यावं लागतं, मशीनला घालायचं कुणाच्या डोक्यातही येणार नाही.

काजबटण | १४ जानेवारी, रात्री ८.४०

आनंद आहे, पण उद्या सकाळी परत रुतेल. आतलं खोबरेल काढायला हवं. पूर्वी आम्ही रॉकेल वापरायचो, सगळा चिकटा विरघळून काळं पाणी खाली येतं. आता रॉकेल मिळत नाही आणि घरात ते नकोच. मशीनचं पांढरं पातळ तेल मिळतं दुकानात, तेच भरपूर वापरा. वेळ लागतो इतकंच.

पट्टा उतरवा, सुई आणि दोरा काढा, डाव्या टोकाचं झाकण स्क्रू काढून उघडा. स्क्रू वाटीत ठेवा, नाहीतर केरात जातील. ड्रायरने गरम करा, प्रत्येक भोकात आणि जिथे लोखंडावर लोखंड घासतं तिथे दोन-दोन थेंब, मग हाताने चाक फिरवत राहा. जे काळं-तपकिरी बाहेर येईल ते पुसा. परत तेल, परत पुसा. मशीन मागे कलंडवून खालची बाजूही तशीच. शटल काढून जुन्या टूथब्रशने झाडा. तीन-चार फेऱ्यांनी तेल स्वच्छ येईल.

एक सांभाळा: टेन्शनच्या चकत्यांना तेल लावायचं नाही. दोरा घसरतो आणि कापडावर डाग पडतात. पिनेला झाकणाच्या आतल्या बाजूने एकच थेंब, सुईच्या टोकावर घेऊन. झाल्यावर रात्रभर तशीच ठेवा आणि सकाळी पहिली टीप चिंधीवर मारा.

बुलेटराजा | १४ जानेवारी, रात्री ९.१५

मीही नाक लावून बघितलं. माझ्या मशीनला गाडीच्या इंजिन ऑइलचा वास येतोय, कारण मीच घातलंय. काढू?

खटपट्या | १४ जानेवारी, रात्री ९.२२

काढा. जाड असतं ते.

अर्धीटीप | १७ जानेवारी, रात्री १०.३०

शनिवार पूर्ण यात गेला. चार फेऱ्या, दोन जुने बनियन, एक टूथब्रश. पहिल्या फेरीला जे निघालं ते आमसुलाच्या आगळासारखं दिसत होतं. चौथ्या फेरीला तेल जसं घातलं तसंच बाहेर आलं. नंतर चाकाला एक टिचकी मारली तर ते आपलं आपण दोन वेढे फिरलं. हीच मशीन का ही?

पण आता वेगळंच. टीप वरच्या बाजूला सरळ रेघ दिसते, जणू वरचा दोरा नुसता कापडावर ठेवलाय. खालचा दोरा ठिपक्या-ठिपक्यांनी वर डोकावतोय.

निशिगंध | १७ जानेवारी, रात्री १०.५५

वरचा ताण आता जास्त झालाय. नट शेवटाला पिळून ठेवलात ना तुम्ही? आणि त्या दुरुस्तीवाल्याने खालचा स्क्रूही हलवलाय, तेव्हा आधी खालचं नीट करू.

बॉबिन केसमध्ये बॉबिन घालून दोरा फटीतून बाहेर काढा आणि केस त्या दोऱ्यावर हवेत लटकवा. आपल्या वजनाने सरसर खाली आली तर सैल. हाताला हलका झटका दिल्यावर चार बोटं खाली येऊन थांबली तर बरोबर. झटका देऊनही हलली नाही तर घट्ट. स्क्रू एका वेळी घड्याळातल्या पाच-दहा मिनिटांइतकाच फिरवायचा आणि खाली रुमाल अंथरायचा, तो स्क्रू हरवला की सापडत नाही. खालचं जमलं की त्याला परत हात लावू नका, बाकी सगळं वरच्या नटावर. वर एका रंगाचा दोरा आणि बॉबिनला दुसऱ्या रंगाचा घालून बघा, कोण कुणाला ओढतंय ते लगेच दिसतं.

आणि पायाची सवय व्हायला दोरा न घालता रेघांच्या वहीच्या कागदावर टीप मारा. जुन्या सुईने, कागदाने सुई बोथट होते. चाक नेहमी आपल्याकडे फिरलं पाहिजे. पाय उचलून पुन्हा दाबताना ते उलटं फिरलं की दोरा तुटतो, म्हणून सुरुवात हाताने चाकाला ढकलून करायची.

अर्धीटीप | १८ जानेवारी, सायंकाळी ७.१५

वर लाल, खाली पांढरा. केस आधी गपकन खाली यायची, आता झटक्याला चार बोटं उतरते. नट पाच वेढे सोडला. वरून फक्त लाल, खालून फक्त पांढरा.

पहिली पिशवी झाली. एक बंद दुसऱ्यापेक्षा दोन इंच लांब आहे, खांद्यावर टाकली की तिरकी लोंबते. आज तिच्यातून मेथी आणली.

मावशीला फोन करून सांगितलं की खोबरेल घालू नये, थिजतं. ती म्हणाली, "तीस वर्सां घातलंय, कदी आडली नाय. तुमच्या नाशकात थंडी पडता, त्येका माजी मशीन काय करतली?"

काजबटण | १८ जानेवारी, सायंकाळी ७.४०

मावशींचं बरोबर आहे.

कात्रीवाली | १८ जानेवारी, रात्री ९.००

पिशवीचा फोटो टाका. आणि ते पांढरं तेल कुठे मिळतं? आईची मशीन माळ्यावर आहे, सहज विचारतेय.

नवाभिडू | २ फेब्रुवारी, रात्री ११.५०

धागा वर काढतोय. माझी मशीन सकाळीही जड आणि दुपारीही जड. पांढरं तेल घालून झालं, वास घेऊन झाला, काही वास येत नाही. बॉबिन भरेपर्यंत ठीक होती.

खटपट्या | ३ फेब्रुवारी, सकाळी ७.१०

बॉबिन भरायचं रबर अजून चाकाला टेकलंय का ते बघा आधी.

नवाभिडू | ३ फेब्रुवारी, सकाळी ७.१३

टेकलं होतं.